मुकी घुगरी

बोरी अरब, ता. दारव्हा
१९ नोव्हेंबर १९६१

सौ. मानीबाई हिस,

पत्राच्या वरच्या अंगाला खुशाली लिहितात. मी खुशाल आहे. तू आणि जमनीही खुशाल असाल असं धरून चालतो. नसता तर तुझ्या भावानं कळवलं असतं, एवढा तो माणूस आहे.

हरिसिंग, हे तूच वाचतो आहेस. आपल्या गोरबोलीला लिपी नाही, म्हणून मी मराठीत लिहितो आणि तू ते मनात फिरवून आपल्या बोलीत तिला सांगतोस. जसं लिहिलं आहे तसंच सांग. तुझ्या पदरचं घालू नकोस, आणि जिथं मी तिला रागावलो आहे तिथं आवाज चढवू नकोस. माझा राग माझ्या मापाचा आहे.

आता मुद्द्याचं. मानी, काळ्या अमावसेला तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन दिवाळीचा मेरा, म्हणजे ओवाळणी, मागायला आपल्या दारात आल्या. मागून त्यांच्या आया. तू ओसरीवर आलीस ती उघड्या कानशिलांनी. दोन्हीकडच्या केसांतली चांदीची घुगरी, ती सवाष्णीची खूण, काढून ठेवलेली. नवरा जिवंत असलेल्या बाईनं असं चारचौघींपुढं यावं, हे मी तरी माझ्या वयात पाहिलं नव्हतं. सुखीवहिनी काय म्हणाली ते तूही ऐकलंस. "काय वं माने, माह्या देराले कधी जाळलं? आमाले सांगावा तरी धाडाचा!" सगळ्या हसल्या. मी आत कापड बेतत होतो. बाहेर येऊन तुला घुगरी घाल म्हणालो. दुसरं जे म्हणालो ते रागाचं होतं, ते इथं लिहीत नाही. सकाळी तू जमनीला घेऊन उमरखेडला भावाकडं जायला मोटारीत बसलीस.

जमनी घुगरीच्या आवाजाला भिते, हे तुझं नवं शास्त्र. पोर आठ वर्षांची झाली. बोलत नाही, हाक मारली तर बघत नाही, दुसऱ्या पोरींत मिसळत नाही. यवतमाळच्या डॉक्टरानं कान तपासले, ऐकू येतं म्हणाला, आणि मेंदू मंद आहे असं सांगून पुढच्या माणसाला बोलावलं. पोहरादेवीच्या जत्रेत नेली तर डफड्याच्या आवाजानं स्वतःचा हात चावून रक्त काढलं. हे आपण दोघांनी मिळून पाहिलं आहे. पण तुझी चाहूल लागली की ती कणगीमागं पळते, आणि ते तुझ्या कानशिलावरच्या घुगरीमुळे, असं तू म्हणतेस. पोळ्याच्या सुमारास तू डोकं धुवायला घुगरी काढलीस आणि पोरगी आपणहून येऊन तुझ्या मांडीवर पडली, असंही म्हणतेस. मी तेव्हा दुकानात होतो. एका वेळेवरून नियम होत नाही. माझ्या मशीनचा आवाज घुगरीहून किती तरी मोठा, आणि ती माझ्या मशीनच्या चाकापाशी अख्खा दिवस बसते. याचं उत्तर दे.

मला कोणी शिकवलं नाही. जुना कोट उसवून उसवून मी शिवण शिकलो, किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून अक्षरं शिकलो. कारण शोधल्याशिवाय मी कशावर विश्वास ठेवत नाही, हे तुला माहीत आहे.

घुगरी मशीनच्या खणात कापडात गुंडाळून ठेवली आहे. पौर्णिमेच्या आत यावं.

खेमसिंग


बोरी अरब
१० डिसेंबर १९६१

मानीबाई हिस,

हरिसिंगचं कार्ड मिळालं. "बहीण खुशाल. भाची खुशाल. पाठवत नाही." एवढं मोठं कार्ड, आणि बाकी सगळं कोरं. हरिसिंग, पुढच्या वेळी जागा वाया घालवू नकोस.

आपल्या तांड्याचे नायक प्रेमसिंग दुकानात आले होते. बंडीचं माप द्यायला आलो म्हणाले, पण माप दिलं नाही. माझ्या स्टुलावर बसले.

"खेमसिंग, बाईचं काय करून राह्यला तू?"

मी म्हणालो, येईल.

"कधी येइन? तांड्यातल्या सुना इचारून राह्यल्या. मानीनं काढली त आमी बी काढतो म्हणते, डोकं दुखते आमचं! माही सून बी म्हणे. आता मी काय सुनेचं डोकं धरून बसू काय?"

हे ते हसून बोलले. मग उठताना हसले नाहीत. होळीला नसाब बसवणार आहेत, म्हणजे तांड्याचे पंच. तोवर तू घुगरी घालून आलीस तर कोणी काही काढणार नाही. नाही आलीस तर खेमसिंगची बायको सुटली असं पंच सांगतील. आणि जमनी माझी. पोर बापाच्या तांड्याची असते, हा नियम नायकांनी काढलेला नाही, तुझ्या-माझ्या आजोबांच्या आधीचा आहे. तेव्हा होळी लक्षात ठेव.

माझं बरं चाललं आहे. सुखीवहिनी कालवण पाठवते, भाकरी मी स्वतः थापतो. कडा जाड राहतात, त्याला कारण तवा. लग्नसराईची कामं आली आहेत. चाकाच्या डाव्या अंगाला जमनी बसायची ती जागा गिऱ्हाइकं तुडवतात, म्हणून तिथं स्टूल उलटं करून ठेवलं आहे. नायकांना बसायला मी ते सुलटं करून दिलं आणि ते गेल्यावर पुन्हा उलटं केलं. तिनं रंगवार लावलेल्या चिंध्या तशाच आहेत. काळ्या चिंध्या ती कधी ओळीत घेत नाही, बाजूला लोटते. त्या मी उचलून टाकल्या.

पुढचं नीट ऐक. जमनीच्या भाकरीला भाजी लागू देऊ नकोस. वेगळी वाटी दे. लागली तर अख्खं ताट सांडते. पाणी तिला तांब्याच्याच गडव्यातून लागतं. झोपताना पायांवर जड गोधडी टाकावी, अंगावर नाही. नवीन झगा शिवलास तर आतल्या शिवणी दुमडून घे, खुपल्या की फाडते. झोपते का? किती वाजता? हात चावते का? हरिसिंगच्या शेतात कुत्रं आहे असं ऐकतो, ते बांधून ठेवावं.

याची उत्तरं एकेक करून पाठवावीत.

खेमसिंग


बोरी अरब
२१ जानेवारी १९६२

मानीबाई हिस,

उत्तरं आली नाहीत. पण मी गप्प बसलेलो नाही. तुझी अडचण मी सोडवली आहे.

विचार असा केला. तू म्हणतेस आवाज. तर मग घुगरी काढायचं कारण काय? आवाज काढावा, घुगरी राहू द्यावी. खणातून पुडकं काढलं आणि प्रत्येक मणी उजेडात धरून पाहिला. पोकळ चांदी, खाली बारीक चीर, आत खडा. खडा हलतो म्हणून वाजतं. बाजारातल्या नजीरकडं गेलो. तो भांड्यांना कल्हई करतो, पण बारीक कामाला त्याचा हात चांगला आहे. त्याला म्हटलं, चिरेतून आत लाख भर, खडा चिकटला पाहिजे.

नजीर माझ्याकडं बघतच राहिला. "खेमभाऊ, दुनिया घुंगरू वाजाले बनवते. तुमी बंद कराले आनले?"

"तू लाख तापव."

"भाभीले पुसलं काय?"

"त्यात पुसाचं काय?"

"बरं बाप्पा," तो म्हणाला, "लाख आमची, डोकं तुमचं."

पातळ लाख सुईच्या टोकानं आत सोडायची, खडा बुडला की पाण्यात. डाव्या अंगाचा एक मणी तरीही कुरकुरत होता. नजीर म्हणाला, राहू द्या, कोण ऐकतं. मी म्हणालो, एक जण ऐकते. तो पुन्हा तापवून रिकामा केला आणि पुन्हा भरला. आता दोन्हीकडची घुगरी कानाशी धरून हलवली तर वजन कळतं, बाकी काही नाही. बाहेरून बघणाऱ्याला चांदी तीच, झोक तोच. सुखीवहिनीला फरक सांगता येणार नाही.

नजीरचा मेहुणा अब्दुल गनी कंदील-बत्त्या घेऊन उमरखेडच्या बाजाराला जातो, त्याच्याबरोबर हे पत्र आणि पुडकं देतो आहे. गनी भरवशाचा आहे. जमनीसमोर घालून बघ. मग गनीबरोबरच निघून ये. दिग्रसला गाडी बदलावी लागते, तिथं आवाज फार, तेव्हा जमनीचे कान फडक्यानं बांध. फडकं पुडक्यात ठेवलं आहे. मऊ आहे, आतून शिवण नाही.

होळी जवळ येते आहे. आता यायला हरकत राहिलेली नाही, असं मला वाटतं.

खेमसिंग


बोरी अरब
११ फेब्रुवारी १९६२

मानी,

गनी एकटा परत आला.

इथं त्या दिवसांत आठ ग्रह एका राशीत यायचे होते आणि जग बुडणार म्हणून लोकांनी कामं टाकली होती. तांड्यात तीन दिवस डफडं थांबलं नाही. जमनी इथं नव्हती हे बरंच झालं. त्या गोंधळात गनी नजीरच्या भट्टीपाशी उतरला आणि मला बोलावणं आलं. तो जे बोलला ते मी जसंच्या तसं उतरवतो आहे. त्यात चूक असेल तर तू सांगशील.

"भाभीनं पुडकं खोललं," गनी म्हणाला. "हालवून पाह्यलं. पोरीच्या कानापाशी बी हालवलं. पोरगी भेली नाही, हातात घेऊन चाटून पाह्यलं तिनं."

"मग?"

"मंग भाभी म्हणे, काम चांगलं केलं. यायच्या हाताले कधी दोष नाही. आन पुडकं पुन्हा बांधून ठेवलं."

"घातली नाही?"

"नाही."

"काहून?"

गनी नजीरकडं बघायला लागला. नजीर म्हणाला, "बोल न बे, जे बोलली ते. तू का वकील हाय?"

तेव्हा त्यानं तुझे शब्द सांगितले. "त्यायले सांगजो. आठ वर्सं पोरगी माह्या वाऱ्याले उभी राह्यली नाही. माय असून पोरगी पळते, इनंच काही केलं असन, असं सारा तांडा बोले. हे बी बोलत, हासून बोलत. म्हणत, पोरगी माह्यापाशी बसते, तुह्यापाशी नाही. मी चुलीपाशी बसून आयकत जाओ. आता पोरगी माह्यापाशी आली तवा यायले घुगरी आठवली. तीन चिठ्ठ्या आल्या. पोरगी झोपते काय, पोरगी खाते काय. मले झोप येते का नाही, हे कोनं पुसलं? वाजत नाही म्हणून मी घालू काय? नाही घालत मी. सांगजो."

नजीरनं भट्टीत उगाच फुंकर मारली. मी गनीचे आभार मानून दुकानात आलो.

हे खरं नाही, मानी. माझ्यापाशी बसते असं मी म्हणालो असेन, कारण ती बसत होती. जे आहे ते म्हणण्यात हसणं कुठून आलं? आणि घुगरीचं मी बोललो ते लोकांपुढं मान खाली गेली म्हणून. दुसरं काही कारण नाही. आता मागचं आठवून बघतो तर पोळ्यानंतर तू घरात घुगरी काढून ठेवू लागलीस आणि जमनी दुकानात येईनाशी झाली होती, हे खरं आहे. सकाळी मी निघालो की ती माझी बाही धरून चालायची. बोट नाही धरायची, बाहीच, कोपराच्या खाली, तिथं माझ्या सगळ्या सदऱ्यांचं कापड मऊ झालेलं आहे. त्या दिवसांत मी दारात हात पुढं करून उभा राहायचो आणि ती तुझ्या फेटियाचा, घागऱ्याचा, घोळ मुठीत धरून उंबऱ्यावर बसून राहायची. मी एकटा बोरीला जायचो. वाटेत लोक विचारायचे, आज पोरगी कुठं? मी म्हणायचो, ताप आहे. पण मी तुला एका शब्दानं काही बोललो होतो का? नव्हतो. तेव्हा त्याचा आणि घुगरीचा संबंध लावणं चुकीचं आहे.

हरिसिंग, हे इतकं वाचून तू थांबला असशील आणि तिच्या तोंडाकडं बघत असशील. बघू नकोस. पुढं वाच.

मला एक अडचण अशी आहे की मी काही लिहिलं की ते तुझ्यापर्यंत हरिसिंगच्या आवाजात जातं, आणि तुझं माझ्यापर्यंत गनीच्या तोंडून नजीरच्या भट्टीपाशी येतं. नवरा-बायकोच्या मधे तीन माणसं आली. तांड्यात असताना आपण दोघंच होतो, तेव्हा बोलणं जमनीचंच व्हायचं. तिनं काय सांडलं, कोणाकडं नेऊन दाखवायचं. ती झोपली की बोलायला काही उरायचं नाही. मी दुसऱ्या दिवसाचं कापड बेतायचो आणि तू भिंतीकडं तोंड करून पडायचीस. मला वाटायचं, सगळ्यांच्या घरी असंच असतं.

जग बुडलं नाही. लोक दुसऱ्या दिवशी पऱ्हाट्या उपटायला गेले.

तू झोपतेस का? हे विचारायचं राहून गेलं होतं म्हणून विचारतो. तू म्हणालीस म्हणून नव्हे.

खेमसिंग


बोरी अरब
२५ मार्च १९६२

मानी,

होळीच्या दुसऱ्या दिवशी नसाब बसली. हे तुला दुसऱ्या कोणाकडून वाकडंतिकडं कळण्याआधी मी लिहितो आहे.

पंच पारावर, मी खाली. बाया लांब, पण ऐकू येईल इतक्याच लांब. प्रेमसिंग नायकांनी विचारलं, बाई आली काय? मी म्हणालो, नाही. घुगरी धाडली होती काय? धाडली होती. घातली काय? नाही.

"त मंग सुटली ते," नायक म्हणाले. "पोरगी आनाले दोन मानसं धाडतो उमरखेडले. परवा पोरगी तुह्या घरात असन."

हरिसिंग, इथून पुढचं मोठ्यानं आणि स्पष्ट वाच. मला हो म्हणायचं होतं. माझ्या तोंडात ते आलं होतं. स्टूल सुलटं करावं, तिनं चाकापाशी बसावं, सकाळी बाही धरावी. परवा म्हणजे किती जवळ. तेवढ्यात सुखीवहिनी पाणी घेऊन पंचांकडं गेली. ती चालली तशी तिची घुगरी वाजली. तिच्या मागून नायकांची सून गेली. तिचीही वाजली. मी इतकी वर्षं त्या तांड्यात राहिलो, पण तो आवाज कधी वेगळा असा ऐकला नव्हता. त्या दिवशी मला दुसरं काही ऐकूच येईना. कोणत्याही घरातून कोणतीही बाई निघाली की वाजतं. दिवसभर, सगळीकडून. पोरीला लपायला आपल्या घरात एक कणगी होती. हरिसिंगची बायको वारल्यापासून त्याच्या शेतातल्या घरात वाजणारं काही नाही, हे तू जाताना जाणून गेली असशील. मला ते पाराखाली उभं राहिल्यावर कळलं.

मी म्हणालो, "पोरगी मायपाशी राहीन. आन बायको सुटली नाही. ते उघड्या कानशिलानं राह्यते, माह्या मर्जीनं."

खरं म्हणजे तुझ्या मर्जीनं. पण पंचांपुढं तसं म्हणता येत नाही.

एकदम कालवा झाला. म्हातारा फकिरा काठी आपटून म्हणाला, "मर्जी? उद्या हा म्हणन मी बी फेटिया घालतो, माही मर्जी!" पोरं खिदळली. नायकांनी हात वर केला.

"खेमसिंग, जित्या नवऱ्याच्या बायकोले हे चालत नाही. रांडमुंड बाईचं आहे ते. तू मेला काय?"

"मेल्यावरच चालत असन," मी म्हणालो, "त तुमच्या तांड्यात मी मेलो समजा."

माझा भाऊ त्या गर्दीत होता. त्यानं मान वर केली नाही. सुखीवहिनी मात्र तिथूनच ओरडली, "भाऊजी! तोंड आवरा! सणासुदीचं काय बोलून राह्यले!" आणि रडायला लागली. तिनं तुझी चेष्टा केली होती म्हणून मी तिच्यावर मनात राग धरला होता. त्या सगळ्या गावात माझ्यासाठी रडली ती तेवढी एकटीच, हेही लिहून ठेवतो.

नायकांनी वर केलेला हात खाली घेतला. वाईट माणूस नाही तो. मग म्हणाले, "शब्द गेला तुहा. मेलेल्या मानसाले तांड्यात घर नसते."

तेव्हा मी आता दुकानाच्या मागच्या खोलीत आहे. मशीन, खाट, एक तवा. तांड्यातलं कोणी वाटेत भेटलं तर माझ्या अंगावरून पलीकडं बघतं, जसं रिकाम्या वाटेकडं बघतात. सुखीवहिनीचं कालवण बंद झालं. शिवायला कापडं बाहेरगावची येतात, तांड्यातली येत नाहीत. कालच एक लहान पोरगा, धावजीचा नातू, दुकानासमोर थांबला आणि मला म्हणाला, "तुमी दिसता काय सगळ्यायले?" मी दिसतो म्हणालो. त्याला खरं वाटलं नाही.

तू विधवा झालेली नाहीस. कोणी तसं म्हटलं तर हे पत्र हरिसिंगनं वाचून दाखवावं.

ये, असं मी आता लिहीत नाही. खोली बाजारात आहे, बाजाराच्या दिवशी बकऱ्या, कोंबड्या, भोंगे. तिला इथं एक सकाळ निघायची नाही. चैत्रात मी तिकडं येऊन जातो. न्यायला म्हणून नाही. नुसता येतो. नको असेल तर हरिसिंगनं कार्ड टाकावं. त्याच्या पद्धतीचं, तीन वाक्यांचं चालेल.

खेमसिंग


बोरी अरब
१६ एप्रिल १९६२

मानी,

पोचलो, म्हणून लिहितो. पुसदला गाडी उशिरा मिळाली, दिग्रसला लगेच.

कार्ड आलं नाही म्हणून मी निघालो होतो, हे तुला ठाऊकच आहे. तरी बांधापाशी आलो तेव्हा मनात होतं की आता हरिसिंग कुत्रं सोडेल. त्यानं मला लांबून पाहिलं आणि बैलाच्या मागं जाऊन उभा राहिला. मी नवा सदरा घातला होता. दारव्ह्याहून नव्या वहाणा घेतल्या होत्या, कातड्याच्या, टाचेला खिळे मारलेल्या. रिकाम्या हातानं, जुन्या पायानं सासुरवाडीला जाऊ नये म्हणून.

जमनी अंगणात होती. उन्हात ज्वारीचे दाणे ओळीनं मांडत होती. मी अजून कडुलिंबापर्यंतही आलो नव्हतो, तिनं दोन्ही हात कानांवर ठेवले आणि घरात पळाली. मला वाटलं, कोंबड्यांना भ्याली असेल. मी आणखी दोन पावलं टाकली. तू दारात आलीस.

तू पहिल्यांदा काय बोललीस? "वहाना. करकर करते. काढा."

काढल्या. जमीन तापलेली होती. तू "या" म्हणाली नाहीस, "बसा" म्हणालीस, ते गोठ्याच्या बाजूला, सावलीत, घरापासून लांब. मी बसलो. तू पाणी ठेवून मागं सरलीस. तुझं डोकं तेल लावलेलं होतं, कानशिलं मोकळी. मी सरळ बघितलं नाही, पण बघितलं. इतक्या वर्षांत तुझे केस पिकायला लागलेत हे मला माहीत नव्हतं, चांदीखाली झाकलेले असायचे.

"कपडे कोन धुते तुमचे?"

"मीच."

"दिसते," तू म्हणालीस.

हरिसिंग बैलामागं हसला, ते मी ऐकलं. हरिसिंग, तेही मी इथं लिहितो आहे.

मी पाणी प्यालो. मला तुला एक विचारायचं होतं, बसमध्ये पुसदपासून ते मी मनात मांडत आलो होतो, पण तोंडातून निघेना. पत्रात मला शब्द कमी पडत नाहीत. तुझ्यासमोर बसलो की आपल्या बोलीतलं एकही वाक्य पुरं होत नाही. शेवटी तूच, कोणी न विचारता, म्हणालीस, "आता बरी हाय मी. झोप येते." आणि दाणे पाखडायला घेतलेस. सुपाचा आवाज होऊ नये म्हणून तू ते हळूहळू, ओंजळीनं करत होतीस. हे तू कधीपासून असं करतेस?

जमनी बाहेर आली. माझ्यासमोरून गेली, माझ्याकडं बघितलं नाही. बाहीकडं बघितलं असावं, मी नक्की सांगू शकत नाही. तुझ्या पाठीशी जाऊन बसली, तुझ्या केसांत एक हात घातला आणि तसाच ठेवून दिला. तू पाखडणं थांबवलंस. मान हलवली नाहीस. डोळे मिटलेस. मी त्या दोघींकडं बघत बसलो. गाडीची वेळ जवळ आली होती, पण उठलो तर आवाज होईल म्हणून उठलो नाही. हरिसिंगनं लांबूनच खूण केली तेव्हा वहाणा उचलून उठलो.

मी बांधापर्यंत गेलो असेन, तू हाक मारली नाहीस, ते बरोबरच होतं, जमनी झोपली होती. तू मागून चालत आलीस. अनवाणी. तुझ्या येण्याचा आवाज मला आला नाही, एकदम तू शेजारी होतीस. म्हणालीस, "पुढच्या खेपेले वहाना तिकडूनच, लिंबापासून हातात घ्या. दुपारची निजते ते." आणि मागं वळलीस.

पुढच्या खेपेला, असं तू म्हणालीस. मी चुकीचं ऐकलेलं नाही. हरिसिंग बैल घेऊन जवळच होता, तो साक्ष आहे.

मी पाऊलवाटेनं निघालो. शेत संपलं, सडक आली, उमरखेडच्या स्टँडवर गर्दी होती, बसायला जागा मिळाली नाही. पुसदला उतरलो, चढलो. दिग्रसला गाडी बदलायला उतरलो तेव्हा कंडक्टर माझ्या हाताकडं बघून म्हणाला, "बाबाजी, वहाना पायात घाला न. डांबर तापून राह्यलं." तेव्हा माझ्या लक्षात आलं.

खेमसिंग